चूलबंद आवतन

आमच्याकडं जेवायचं आवतन तीन तऱ्हेचं असायचं. एक घराला एक माणूस. दुसरं गडीमाणसांचं, म्हणजे बायांनी आणि लेकरांनी घरीच जेवायचं. आणि तिसरं चूलबंद. चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या पाळण्यातल्या लेकरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी यायचं, आणि त्या दिवशी त्या घरच्या चुलीतून धूर निघू द्यायचा नाही. चूलबंद आवतन घेऊन कुणी घरी चूल पेटवली तर तो बोलावणाऱ्याचा अपमान, आणि बोलावणाऱ्याकडं जेवण पुरलं नाही तर त्यानं गावात तोंड कसं दाखवायचं ते त्याचं त्यानं बघायचं. आता सगळं फोनवर येतं. सून मला वाचून दाखवते, सहकुटुंब सहपरिवार. मी म्हणते, अगं पण चूल पेटवायची का नाही ते कुठं लिहिलंय? ती हसते. हसू दे. मी बारा वर्षांची असताना एका अख्ख्या गल्लीच्या चुली बंद केल्या होत्या, आणि तेही न विचारता, ते तिला माहीत नाही. तेच आता लिहून ठेवते.

आमचं गाव तेर. तिथं पाऊस पडून गेला की पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडावर जुने मणी वर यायचे, काचेचे, शंखाचे, आणि आम्ही पोरी ते वेचून दोऱ्यात ओवायचो. हजार दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा बाईच्या गळ्यातले असतील ते, पण आम्हाला ते अळंबीसारखे, पाऊस आला की मिळायचे. मग पाऊसच येईना झाला. एक वर्ष नाही, लागोपाठ. मणी वर आले नाहीत आणि जोंधळाही वर आला नाही. आबा, म्हणजे माझे वडील, आम्हाला घेऊन धाराशिवला आले. एका सोसायटीच्या गोदामावर त्यांना राखणीचं काम मिळालं होतं. गोदामात रेशनची तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेला जोंधळा यायचा, कडब्याच्या पेंढ्या यायच्या, आणि आबा दिवसभर दाराशी बसून दुसऱ्यांचं धान्य सांभाळायचे. रान होतं, पण रानात काही नव्हतं. "पाऊस पडला की माघारी," हे आबांचं रोजचं वाक्य. म्हणून मायनं बोचकी पुरती सोडली नव्हती. आरसा भिंतीला लावला नव्हता, गोणीवरच आडवा ठेवला होता, त्यात वेणी घालायची तर पालथं पडून घालावी लागायची. आणि कोपऱ्यात उतरंडीच्या शेजारी एक डेरा होता. त्यात राखेत घोळलेलं जोंधळ्याचं बी होतं, वर लिंबाचा पाला, आणि तोंड शेणामातीनं लिंपलेलं. त्या डेऱ्याला हात लावायचा नाही असं कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती. आमचं माघारी जाणं त्या डेऱ्यात होतं.

घर मिळालं ते जुन्या गावात, कमानीच्या आतल्या गल्लीत. गल्ली कसली, बोळच. दोघी बाया घागरी घेऊन समोरासमोर आल्या की एकीला भिंतीशी आडवं व्हावं लागायचं. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, दारांना लोखंडी कड्या, आणि वर सगळीकडं मातीची माळवदं, एकाला एक लागून. माळवदावरून चालत गेलं तर पाय खाली न टेकवता गल्लीच्या या टोकाचं त्या टोकाला जाता आलं असतं, पण लोक म्हणायचे पोरीनं असं फिरू नये. सहा महिने झाले तरी मी फक्त आमचं दार, नळ आणि कमान एवढंच ओळखत होते. बाकीची दारं मी नुसती बाहेरून बघितलेली. कुठल्या दारामागून ठोकण्याचा आवाज, कुठून शिवणयंत्राचा, कुठून फोडणीचा वास. आपण इथले नाही, मग कुणाच्या दारात कशाला उभं राहायचं, असं मायचं म्हणणं. मलाही ते पटलेलं होतं.

मग दगडूचं जावळ निघालं. दगडू माझा भाऊ, माझ्यानंतर दोघं गेले आणि मग तो आला, म्हणून नाव दगडू. नवस होता की तीन वर्षं केसाला कात्री लावायची नाही. त्याच्या एवढ्या लांब वेण्या झाल्या होत्या की नळावरच्या बाया त्याला "काय गं पोरी" म्हणायच्या आणि तो रडायचा. तीन वर्षं भरली, नवस दुष्काळासाठी थांबत नाही. माय म्हणाली, मामाला बोलवू, त्याच्या मांडीवर बसवून केस उतरवू, देवाला निवद दाखवू, झालं. पण आबा अडून बसले. "गल्लीत राहतो आपण. लेकराच्या नावानं घराला एक माणूस तरी जेवून गेलं पाहिजे. उद्या आपण गेलो तर म्हणतील, आले कधी न् गेले कधी." आमचं धरून बावीस दारं होती. एकवीस माणसं आणि आपण. मायनं गहू काढले, मोजले, खीर होईल म्हणाली, पातळ होईल पण होईल. मायला आठ दिवस ताप येऊन गेला होता आणि आबांना गोदाम सोडता येत नव्हतं. म्हणून आवतन द्यायचं काम माझ्याकडं आलं. आबांनी मला पुढ्यात बसवून घोकून घेतलं.

"काय म्हणायचं?"

"परवा दिवशी दुपारी आमच्याकडं दगडूच्या जावळाचं जेवण हाय."

"आणि?"

"घराला एक माणूस या."

"आणि एकबी दार सोडायचं न्हाय. कुणाचंच. शेवटचं गुरुजींचंबी न्हाय."

हे शेवटचं म्हणताना ते मायकडं बघत होते. माय गहू निवडत होती, तिनं मान वर केली नाही. शेवटच्या घरात राहणारे गुरुजी बौद्ध होते. गावाकडं आमच्या भावकीनं त्यांच्या वस्तीत कधी पंगतीचं आवतन दिलं नव्हतं, हे मला त्या वयातही ठाऊक होतं.

मी नवं परकर पोलकं घातलं, नवं म्हणजे मायच्या जुन्या लुगड्याचं, आणि हातात कुंकवाचा करंडा घेऊन निघाले. कमानीपासून सुरुवात केली. पहिलं घर अमिनाबीचं. दार लोटलं तर आत केवढं मोठं अंगण! बाहेरून वाटायचं, एवढ्याशा दारामागं असेल एक खोली. आत फरशी, मधे आटलेला हौद, हौदाच्या काठावर शिवणयंत्र आणि यंत्रावर अमिनाबी, नळावरची पोरं तिला खाला म्हणजे मावशी म्हणायची. तिचा नवरा निजामाच्या काळी कचेरीत कारकून होता, तो गेला, आता ती, मुलगा, सून आणि तीन नातवंडं. मला बघून तिनं चाक हातानं थांबवलं.

"कौन गं तू? गोदामवाल्याची ना? ये बेटा, उभी का?"

मी एका दमात सगळं म्हणून टाकलं, घराला एक माणूस सकट. अमिनाबीनं पदर डोक्यावर सारखा केला, "हौ, हौ, येतो की," म्हणाली. पण तिची नातवंडं लगेच भांडायला लागली. मोठी म्हणाली मी जाणार, मधला म्हणाला मी, आणि धाकटी काही न बोलता दाराशी जाऊन चप्पल घालून उभी राहिली. परवाचं जेवण, पण ती आत्ताच तयार. त्या वर्षी लेकरांना खीर हा शब्द ऐकून किती दिवस झाले होते ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. अमिनाबी हसत होती, पण तिच्या सुनेनं मान खाली घातली. आणि मला, खरं सांगते, माझीच लाज वाटली. तेरला मायचा पदर धरून मी किती आवतनं दिली होती, आणि तिथं माझ्या कानावर एकच वाक्य पडायचं. ते वाक्य जिभेवर इतकं बसलेलं की आपोआप सुटलं.

"समदेच या, खाला. चूल पेटवू नका."

अमिनाबीनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. "आबांनी असं सांगितलं?"

मी मान हलवली. कशी हलवली ते आता आठवत नाही, हो म्हणून का नाही म्हणून. तिनं माझ्या हातावर साखरेची चिमूट ठेवली आणि मी बाहेर पळाले.

अजूनही सावरता आलं असतं. एकच घर होतं, सहा माणसं. पण दुसरं दार तांबट आजोबांचं. जन्मभर तांब्यापितळेची भांडी ठोकून त्यांचे दोन्ही कान गेले होते. बोळातून ऐकू येणारा तो ठणठण आवाज त्यांचा, हे मला तेव्हा कळलं. ते ओसरीवर पालथ्या हंड्यावर ठोकत बसले होते, आणि त्यांच्या उंबऱ्याखाली पायरी म्हणून एक जुना कोरीव दगड होता, त्यावर हत्ती, पण दगड आडवा बसवलेला, म्हणून हत्ती झोपलेला. कुठल्या तरी पडलेल्या देवळाचा असेल. मी त्या हत्तीवर उभी राहून म्हणाले, आमच्याकडं जेवण हाय.

"आँ?"

"जेवण हाय आजोबा! जावळाचं!"

"कुणी यायचं?"

आणि मी अडकले. पलीकडच्या दारात अमिनाबीची नातवंडं उभी होती, कान देऊन. त्यांना चूलबंद आणि आजोबांना एक माणूस, असं कसं म्हणायचं? एकाच गल्लीत दोन तऱ्हेची आवतनं? मी छातीत हवा भरली आणि सगळा बोळ दणाणेल अशी ओरडले, "समद्यांनी! चूल पेटवू नका!"

कुठं कुठं खिडक्या उघडल्या. समोरच्या माळवदावरून एक बाई वाकून म्हणाली, "काय गं, आमाला न्हाय का?"

"तुमालाबी!"

"चूलबंद?"

"व्हय!"

मग पुढं मला काही सांगावंच लागलं नाही. प्रत्येक दारात बाया आधीच उभ्या. "ये बाई, परवा ना? चूलबंद ना?" मी नुसती कुंकू लावत गेले. आणि नवल म्हणजे, आपण काय करून बसलोय ते कळत असताना मला ती गल्ली इतकी आवडायला लागली! एका घरात भिंतीतच देवळी, तिच्यात पणतीच्या काजळीचे थरावर थर, कित्येक पिढ्यांचे. एका घरात आड, घराच्या मधोमध, त्यावर फळी टाकून त्यांनी पिठाचा डबा ठेवलेला, कारण आडात पाणीच नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, तुझ्यासारखी माझी नात लातूरला असते, आणि माझी वेणी सोडून पुन्हा घालून दिली. कुणी शेंगदाणे दिले, कुणी नुसतं तोंडभर बोललं. सहा महिने ज्या भिंतींच्या बाजूनं मी गेले होते त्यांच्या आत एवढं सगळं होतं.

शेवटचं दार गुरुजींचं. गुरुजी शाळेत गेले होते. शारदाबाई, त्यांच्या मालकीण, ओसरीवर पाटी घेऊन दोन पोरांना पाढे म्हणून घेत होत्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाचा, दोन्हींना कागदी फुलांचे हार. मी आवतन सांगितलं. त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि मला विचारलं, अगदी सरळ, रागावून नाही,

"पंगतीत का भांड्यात?"

म्हणजे सगळ्यांबरोबर बसवून वाढणार, का दारात भांडं आणायला लावून त्यात घालून देणार. मला त्याचा अर्थ कळला, आणि कळला म्हणून माझे कान तापले. "पंगतीत," मी म्हणाले. "चूलबंद."

"मग येऊ," त्या म्हणाल्या. "न्हायतर आमची चूल आमाला बरी आहे."

रात्री आबा गोदामावरून आले. "सांगितलंस?" "व्हय." "एकबी दार सोडलं न्हाय ना?" "न्हाय." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. पण पुढचे दोन दिवस माय गव्हाचं पातेलं ढवळून "पंचवीस पानं, पुरतील ना गं?" म्हणायची आणि मी "पुरतील" म्हणायची. मनात दारं मोजायची, दारांमागची माणसं मोजायची, आणि शंभराच्या पुढं गेले की थांबायची. आज माझी नातवंडं काही लपवतात तेव्हा मला त्यांच्या पाठीवरून कळतं. मायला माझ्या पाठीवरून कळलं नसेल का? पण ती तापातून उठलेली, तिचं तिलाच झालं होतं.

जावळाच्या दिवशी सकाळी मामा आला, दगडूला मांडीवर घेऊन बसला. मायनं मला गोवऱ्या आणायला माळवदावर पाठवलं. मी शिडी चढून वर गेले आणि गोवऱ्या विसरून तशीच उभी राहिले. रोज त्या वेळेला सगळ्या माळवदांवरच्या धाऱ्यांतून, धुरासाठी ठेवलेल्या भोकांतून धूर निघायचा, बावीस ठिकाणचा, आणि वर जाऊन एकमेकांत मिसळायचा. त्या दिवशी एकही धूर नव्हता. कमानीपासून गुरुजींच्या घरापर्यंत स्वच्छ आभाळ. दुष्काळातलं निळं, कोरडं आभाळ मी कितीदा बघितलं होतं, पण मला त्याची भीती त्या दिवशी वाटली. सगळ्या गल्लीनं माझा शब्द पाळला होता. सगळी गल्ली उपाशी होती, आणि आमच्या दारात यायची होती.

मी तशीच उतरून अमिनाबीकडं पळाले. "खाला, चूल पेटवा! म्या चुकीचं सांगितलं. घराला एकच माणूस व्हतं!"

अमिनाबीनं माझे डोळे पुसले, तिच्या शिवणातल्या कापडानंच. "मालूम है बेटा. त्याच दिवशी मालूम होतं. गोदामवाला दुष्काळात एवढ्यांना चूलबंद सांगेल का? पन एकदा घेतलेलं आवतन परत देत न्हाईत. लेकराच्या जावळाचं तर बिलकूल न्हाय." मग तिनं विचारलं, "आबांना सांगितलंस?"

"न्हाय."

"तेवढं तू कर. बाकीचं आमी बघतो."

आबा अंगणात तीन दगड मांडून चुलवण करत होते. मी त्यांच्यामागं उभी राहून सांगितलं. सगळं, हत्तीवर उभी राहून ओरडले ते सुद्धा. मला वाटलं मारतील. त्यांनी हातातला दगड जागेवर बसवला, हलत नाही ना बघितलं.

"एक माणूस म्हणायला जड गेलं व्हय तुला?"

"व्हय."

"मलाबी गेलं असतं," आबा म्हणाले.

आणि ते उठून आत गेले. कोपऱ्यातल्या डेऱ्यासमोर बसले. खुरप्याच्या टोकानं त्यांनी वरचं लिंपण फोडलं. तो आवाज मला आज सुद्धा ऐकू येतो, वाळल्या मातीचा, करकर. माय धावत आली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

"अवो, बी हाय ते! दळून घातलं तर पेराल काय?"

"शंभर माणसं येत्यात. भाकरी तरी पाहिजेत का न्हाय? पंगत अर्धपोटी उठली तर या गल्लीत राहू कुठल्या तोंडानं?"

"आपल्याला कुठं ऱ्हायचंय इथं! तुमीच म्हणता ना रोज!"

 राख झटकून आबांनी बी सुपात काढायला सुरुवात केली. माय भिंतीला टेकून रडायला लागली, आवाज न करता, आणि मी दोघांच्या मधे. आमचं गाव त्या सुपात पडत होतं आणि ते माझ्यामुळं पडत होतं. मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, काही मोठ्या केल्या, पण असं कधी वाटलं नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आत येऊ का?" तांबट आजोबांची सून. पदराखाली फडक्यात बांधलेलं गाठोडं. "आमच्या मामंजींना दात न्हाईत बघा. त्यांना माज्या हातचीच भाकर लागती. काल रातीच थापून ठेवल्या, जरा जास्तच झाल्या. तेवढ्या ऱ्हाऊ द्या." तिनं गाठोडं ठेवलं, त्यात आठ भाकरी. तिच्यामागं दुसरी. "आमच्या लेकराला खीर सोसत न्हाय, म्हणून आणल्या." तिसरी म्हणाली, "शिळ्या फेकून द्यायच्या जिवावर आलं वैनी." एकीनं झुणका आणला आणि म्हणाली, चुकून सांडला भांड्यात. असं खोटं मी पुन्हा कधी ऐकलं नाही, एकीचं दुसरीला जुळत नाही आणि एकीच्याही तोंडावर हसू नाही. चुली आज पेटल्या नव्हत्या, सगळ्यांनी काल संध्याकाळीच थापून ठेवलं होतं. आणि प्रत्येकीच्या हातात आपापल्या घरचा पाण्याचा तांब्या. त्या वर्षी पाणी आणणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

शारदाबाई मात्र खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी गाठोडं उघडून मायपुढं धरलं. "तुमच्या पोरीनं पंगतीत म्हणून सांगितलं, म्हणून आलो. ह्या कालच्याच हाईत. सगळ्यांच्या भाकरी एकत्र वाढणार असाल तर घ्या."

मायच्या काखेत दुरडी होती, त्यात बाकीच्यांच्या भाकरी. माय उभीच राहिली.  मी माझ्या मायला ओळखते, तिच्या मनात त्या क्षणी तेरची सगळी भावकी येऊन उभी राहिली असणार. मग तिनं रडून सुजलेले डोळे पदरानं पुसले आणि दुरडी पुढं केली. शारदाबाईंनी भाकरी टाकल्या, मायनं हात घालून सगळ्या खालीवर केल्या. त्यानंतर कुणाची भाकर कुणाच्या पानात गेली ते कुणालाच सांगता आलं नसतं. एक घर न जेवता उठून गेलं, तेही लिहिते. नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं आता माझ्या नातवंडांबरोबर जेवतात.

पंगती चार उठल्या. आमटी पातळ होती, खीर प्रत्येकाला एक पळी. अमिनाबीच्या धाकटीला मी दोन वाढल्या. दगडू तुळतुळीत डोकं घेऊन पंगतीमधून फिरत होता आणि सगळ्यांना सांगत होता, मी पोरगा हाय. तांबट आजोबा जेवून उठताना मायला मोठ्यानं म्हणाले, "पोरीचा आवाज चांगला हाय! मला एवढं स्वच्छ कुणाचंच ऐकू येत न्हाय!" आणि तेव्हा कुठं माय हसली.

दुपार कलल्यावर अंगणात फडकी उरली, बावीसातल्या वीस घरांची, धुवून वाळत घातलेली. आमच्यात कुणाचं फडकं, कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. पण घालायचं काय? खिरीचं पातेलं पुसून निघालं होतं. आबा सूप घेऊन बसले. त्यांनी प्रत्येक फडक्यात एक मूठ बी घातलं आणि गाठ मारली. मायनं बघितलं, या वेळेला हात धरला नाही.

"चल," आबा मला म्हणाले. "कुणाचं कुठलं दार ते मला दाखव."

सहा महिन्यांत आबा गल्लीत शिरले होते ते अंधार पडता पडता आणि निघाले होते ते उजाडायच्या आधी. त्या संध्याकाळी मी त्यांना दारादारांतून फिरवलं. झोपलेला हत्ती दाखवला, तर ते खाली बसले आणि मान तिरकी करून त्यांनी तो नीट बघितला. देवळीतली काजळी दाखवली. आडावरचा पिठाचा डबा दाखवला. त्यांनी आडात वाकून बघितलं आणि म्हणाले, पाणी येईल याला, झरा बुजलेला न्हाय. प्रत्येक दारात मी फडकं पुढं करायची आणि आबा मागं टोपी काढून उभे. शारदाबाईंनी गाठ सोडून दाणे हातावर घेतले. त्याही मूळच्या खेड्यातल्याच.

"हे तर बी हाय."

"व्हय."

"पेरायला ठेवलं असंल."

"ठेवलं व्हतं," आबा म्हणाले.

घरी आल्यावर मायनं बोचकी सोडली.  गोणीवरचा आरसा उचलला, पुसला, आणि आबांकडून खिळा मारून घेऊन भिंतीला लावला, माझ्या उंचीला.

पुढं पाऊस आला. आबांनी उरलेलं बी चुलत्याकडं तेरला पाठवलं, रान त्यालाच वाट्यानं दिलं, आपण गोदामावरच राहिले. आता ती माळवदं गेली, स्लॅब आले, तांबटांचा हत्ती कुणी तरी उचलून नेला. मागच्या वर्षी मी नातीला घेऊन कमानीपासून शेवटपर्यंत चालत गेले. गुडघे बोलत होते, पण दारं मला सगळी सांगता आली.

पण शेवट तो नाही. त्या पावसानंतर थंडीच्या दिवसांत एकदा मी गोवऱ्या आणायला माळवदावर गेले, तर अमिनाबीच्या माळवदावर काहीतरी हिरवं हलत होतं. तिनं फुटक्या घमेल्यात माती घालून आबांची मूठ पेरली होती, आणि पाच ताटं उभी होती, माणसाएवढी, कणसं भरलेली. मी आबांना हाक मारली. ते शिडीवर अर्धेच चढले आणि तिथंच थांबून बघत राहिले. दोन दिवसांनी सकाळीच अमिनाबीची धाकटी आमच्या दारात आली. डोक्यावर ओढणी, हातात कुंकवाचा करंडा, तो कुणाकडून मागून आणला देव जाणे. मी उभी राहिले होते अगदी तशीच उभी राहून ती म्हणाली,

"दादीनं सांगितलंय, आज आमच्याकडं हुरडा हाय. समद्यांनी या. चूल पेटवू नका."

पाच कणसं, आणि आम्ही चौघं, आणि ते सहा. मायनं तिला जवळ घेऊन कुंकू लावून घेतलं. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही.